काउंट आले, थायमसचं काय?

बोन मॅरो प्रत्यारोपणानंतर साधारण दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात डॉक्टर ‘काउंट आले’ म्हणून सांगतात आणि घरच्यांच्या जिवात जीव येतो. गावाकडे फोन जातात, नवस आठवतात, आणि कुटुंब बेळगावकडून बेंगळुरूला आलेलं असेल तर राणी चन्नम्मा एक्सप्रेसच्या परतीच्या तिकिटाची चौकशीही सुरू होते. इथे जरा थांबायला हवं. आलेले काउंट मुख्यतः न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींचे असतात. त्या मॅरोत तयार होतात आणि थेट रक्तात उतरतात. पुढची एक-दोन वर्षं ज्यांच्या भरवशावर काढायची त्या टी पेशींना मात्र वळसा घालून यावं लागतं. मॅरोतून निघालेल्या कच्च्या पेशी छातीत, मधल्या हाडाच्या मागे असलेल्या थायमस नावाच्या ग्रंथीत जातात, तिथे काही आठवडे घडतात आणि मग रक्तात येतात. ही ग्रंथीच जायबंदी झाली असेल, तर रिपोर्टवरचे आकडे कितीही गोजिरे दिसोत, रुग्ण आतून उघडाच असतो.

हे सगळं लागू आहे ते भावाचा, बहिणीचा, आईवडिलांचा किंवा परक्या दात्याचा मॅरो घेतलेल्यांना. मायलोमासारख्या आजारात स्वतःच्याच पेशी साठवून परत दिल्या जातात. त्या रुग्णांनाही जंतुसंसर्गाची काळजी घ्यावी लागते, पण दात्याच्या पेशी अंगावर उलटण्याचा प्रश्न तिथे सहसा येत नाही.

थायमसकडे वैद्यकानं फार काळ दुर्लक्ष केलं होतं. लहानपणी मोठी, वयात आल्यावर आकसत जाणारी आणि चाळिशी-पन्नाशीत बरीचशी चरबीने भरून जाणारी ही ग्रंथी कामाची नसावी, असाच समज होता. १९६१ साली लंडनमध्ये जॅक मिलर यांनी नुकत्याच जन्मलेल्या उंदरांचं थायमस काढून टाकलं आणि ती पिल्लं जंतुसंसर्गाने मरू लागली. त्यांच्या शरीरात लिम्फोसाइट पेशींचा, म्हणजे टी पेशी ज्यांत मोडतात त्या पांढऱ्या पेशींचा, दुष्काळ पडला होता. मोठ्या माणसांतही ही ग्रंथी बिनकामाची नाही, हे तर परवा परवा कळलं. बोस्टनमधल्या डॉक्टरांनी २०२३मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, थायमस काढलेल्या प्रौढांमध्ये पाच वर्षांतल्या मृत्यूंचं प्रमाण ८.१ टक्के होतं, तर छातीची तशीच शस्त्रक्रिया होऊनही थायमस राखलेल्यांमध्ये ते २.८ टक्के होतं.

थायमसमध्ये नेमकं काय होतं ते समजलं, की पुढची पथ्यं जाचक वाटत नाहीत. सुपात धान्य पाखडावं तशी इथे कोवळ्या टी पेशींची दोनदा पाखडणी होते. बाहेरच्या भागात, शरीराची ओळखखूण म्हणजे एचएलए ज्यांना वाचताच येत नाही अशा पेशी गळतात. आतल्या गाभ्यात उलट परीक्षा होते. तिथल्या अस्तराच्या पेशी शरीरभरातल्या प्रथिनांचे नमुने समोर धरतात, अगदी स्वादुपिंडातलं इन्सुलिनसुद्धा. त्या नमुन्यांवर जी टी पेशी चवताळून जाते तिला बहुतेक वेळा तिथल्या तिथे संपवलं जातं. शंभरातल्या जेमतेम दोन ते पाच पेशी दोन्ही परीक्षांतून सुटून बाहेर पडतात.

आता प्रत्यारोपणाकडे येऊ. नवा मॅरो दात्याचा असतो, पण थायमसचं अस्तर रुग्णाचंच राहतं. दात्याकडून मॅरोबरोबर त्याच्या तयार, अनुभवी टी पेशीही येतात आणि त्यांना रुग्णाचं शरीर परकं वाटतं. त्या त्वचेवर, आतड्यावर, यकृतावर चालून जातात. यालाच रुग्णालयात सगळे ‘जीव्हीएचडी’ म्हणतात. त्वचेवरचे चट्टे दिसतात, जुलाब कळतात, कावीळ रक्ततपासणीत कळते. थायमसच्या अस्तरावर होणारा हल्ला मात्र दिसत नाही, दुखतही नाही. अस्तर आधीच केमोथेरपीने आणि काहींच्या बाबतीत रेडिएशनने पोळलेलं असतं. त्यात हा घाव बसतो आणि नमुने समोर धरणारा आतला गाभा विशेष मोडतो.

याचे परिणाम दोन आणि दोन्ही एकाच वेळी. नव्या टी पेशी कमी तयार होतात, म्हणून विषाणू आणि बुरशीला रान मोकळं मिळतं. आणि ज्या थोड्या तयार होतात त्यांची दुसरी पाखडणी नीट न झाल्याने शरीरावरच उठणाऱ्या काही पेशी सुटून बाहेर येतात. प्राण्यांवरच्या प्रयोगांत हे स्पष्ट दिसलं आहे. काही महिन्यांनी येणाऱ्या जुनाट जीव्हीएचडीत डोळे कोरडे पडणं, तोंडात व्रण होणं, कातडी ताठरणं, धाप लागणं ही लक्षणं स्वतःच्याच शरीरावर उलटणाऱ्या आजारांसारखी का दिसतात, याचं एक कारण इथे सापडतं. ‘प्रतिकारशक्ती कमी आहे म्हणता आणि ती दाबायच्या गोळ्याही देता, हे कसं?’ असं नातेवाईक हमखास विचारतात. प्रश्न रास्त आहे. शक्ती कमी आहे आणि जी आहे ती भरकटलेली आहे, दोन्ही खरं.

लहान मुलांचं थायमस मोठं आणि तरतरीत असतं, त्यामुळे थॅलेसेमियासाठी प्रत्यारोपण झालेली मुलं बहुधा मोठ्यांपेक्षा लवकर सावरतात. चाळिशी ओलांडलेल्यांना नव्या टी पेशी पुरेशा तयार व्हायला दोन वर्षं लागू शकतात आणि मोठा जीव्हीएचडी झाला तर त्याहून जास्त. मार्च १९८३मध्ये मुंबईच्या टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी देशातलं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण केलं, तेव्हापासून या उपचारात पुष्कळ बदल झाले; तरी पहिल्या दोन वर्षांची सावधगिरी टळलेली नाही.

बेळगाव, निपाणी, खानापूर, कारवार इकडची बरीच मराठी कुटुंबं प्रत्यारोपणासाठी बेंगळुरू गाठतात. बोम्मसंद्रचं नारायणा हेल्थचं मजुमदार शॉ मेडिकल सेंटर असेल, नाहीतर संकल्प इंडिया फाउंडेशनने रुग्णालयांच्या सोबतीने थॅलेसेमियाच्या मुलांसाठी चालवलेली केंद्रं असतील. रुग्णालयातून सोडल्यावरही पहिले १०० दिवस जवळपास राहायला सांगतात. खोली शोधताना मग शिवाजीनगरचं नाव निघतं. बसस्थानकातून शहरभर बस मिळते, लॉज परवडतात, जेवणाची चंगळ, बौरिंग रुग्णालय हाकेच्या अंतरावर.

माझं मत विचाराल तर सोबतच्या माणसाला शिवाजीनगर सोयीचं आहे, नुकत्याच सोडलेल्या रुग्णाला नाही. बोम्मसंद्र होसूर रस्त्यावर, शहराच्या पार टोकाला. बेंगळुरूत अंतर किलोमीटरमध्ये मोजून चालत नाही, संध्याकाळी सहाला किती वेळ लागतो ते मोजावं लागतं. तापाने फणफणलेल्या रुग्णाला पहिलं अँटिबायोटिक तासाभरात मिळायला हवं. तेव्हा खोली घेण्याआधी गर्दीच्या वेळी रुग्णालयापर्यंत एकदा स्वतः जाऊन पाहा, मगच आगाऊ भाडं द्या.

तरीही शिवाजीनगरातच राहणं भाग असेल तर खोली पाहताना कोपरे पाहा. भिंतीला ओल, पोपडे, काळपट डाग, कुबट वास, खिडकीच्या सज्जावर कबुतरांची विष्ठा यातलं काहीही दिसलं तर ती खोली सोडा. बुरशीचे कण श्वासातून फुप्फुसात जातात आणि टी पेशी कमी असलेल्या, त्यात स्टिरॉइड चालू असलेल्या रुग्णाला ॲस्परजिलस या बुरशीचा न्यूमोनिया होऊ शकतो. मेट्रोच्या गुलाबी मार्गासाठी या भागात वर्षानुवर्षं खोदकाम झालं. कुठल्याही बांधकामाची, पाडकामाची धूळ म्हणजे बुरशीला वाहनच. रस्त्याच्या बाजूची खोली नको, खालच्या मजल्यावर दुरुस्ती चालू असेल तीही नको.

शिवाजीनगरातलं रसेल मार्केट १९२७च्या सुमाराला बांधलेलं, देखणं आणि गजबजलेलं. भाजी-फळं तिथून आणायला हरकत नाही, पण आणायची सोबतच्याने. कोंबड्यांचे पिंजरे, मासळीचं पाणी, फुलांचे ढीग यांतून रुग्णाने मास्क लावूनही फिरू नये. तिथल्याच सेंट मेरीज बॅसिलिका या चर्चची यात्रा २९ ऑगस्टच्या ध्वजारोहणापासून ८ सप्टेंबरपर्यंत चालते आणि भगव्या कपड्यांतल्या भाविकांनी रस्ते ओसंडतात. रमजानच्या संध्याकाळी खाण्याच्या गाड्यांभोवती मुंगीला शिरायला जागा नसते. तपासणीच्या तारखा या दिवसांत येत असतील तर वाहन आदल्या दिवशी ठरवून ठेवा.

खाण्याचं सूत्र एकच: शिजवलेलं, गरम, ताजं. मोड आलेली कच्ची कडधान्यं, कोशिंबीर, चटणीवरची कच्ची कोथिंबीर, बाहेरचा रस, न तापवलेलं दूध, अर्धवट उकडलेलं अंडं हे सगळं डॉक्टर परवानगी देईपर्यंत बंद. घरच्या दह्याबद्दल प्रत्येक केंद्राचा नियम वेगळा असतो, विचारून घ्या. फळं सोलून खाता येतील अशीच: केळं, संत्रं. पण बेंगळुरूत एक फळ आवर्जून टाळायचं आहे. देवनहळ्ळीचा चकोतरा, म्हणजे आपलं पपनस, इथे नावाजलेलं आहे आणि गणपतीच्या दिवसांत आपल्याकडेही ते पूजेला लागतं. पपनस आणि ग्रेपफ्रूट यांच्यामुळे टॅक्रोलिमस आणि सायक्लोस्पोरिन या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांची रक्तातली पातळी वाढू शकते. पातळी वाढली की मूत्रपिंडाला इजा. पूजेला ठेवा, रुग्णाच्या ताटात नको.

या गोळ्यांबद्दल थोडं सविस्तर सांगायलाच हवं, कारण जीव्हीएचडी आवरणं म्हणजेच थायमस वाचवणं, आणि बहुतेक गडबड गोळ्यांत होते. पातळी तपासायची असेल त्या सकाळी गोळी घेऊन रुग्णालयात जायचं नाही. रक्त आधी द्यायचं, गोळी खिशात न्यायची, सुई निघाली की घ्यायची. घाईत घरीच गोळी घेतली तर आकडा फुगलेला येतो, डॉक्टर डोस कमी करतात आणि पंधरवड्याने अंगावर चट्टे उठतात. दुसरं, नवं औषध. बुरशीसाठीची फ्लुकोनाझोल, व्होरिकोनाझोल ही औषधं टॅक्रोलिमसची पातळी वर नेतात. ती थांबवली की पातळी खाली येते. क्लॅरिथ्रोमायसिन वाढवतं, टीबीसाठीचं रिफाम्पिसिन धाडकन पाडतं. गावातल्या डॉक्टरांनी चांगल्या हेतूने दिलेली चिठ्ठीसुद्धा प्रत्यारोपण केंद्राला फोन केल्याशिवाय सुरू करायची नाही.

स्टिरॉइडमुळे थायमस आकसतं, हे इंटरनेटवर वाचून काही जण गोळ्या आपल्या मनाने अर्ध्या करतात. आकसतं हे खरं. पण जीव्हीएचडी मोकाट सुटला तर अस्तरच जळतं, आणि ते जास्त वाईट. स्टिरॉइडला न बधणाऱ्या जीव्हीएचडीसाठी आता रुक्सोलिटिनिब आहे. निम्म्या जुळणीच्या दात्याकडून प्रत्यारोपण झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फामाइड देऊन चवताळणाऱ्या टी पेशी आधीच कमी करण्याची पद्धत भारतातही रुळली आहे. निवड डॉक्टरांची. तुमचं काम आहे लवकर सांगण्याचं.

लवकर म्हणजे कसं, तर रोज सकाळी ट्यूबलाइटखाली नव्हे, खिडकीच्या उजेडात रुग्णाचे तळहात, तळपाय, कानाच्या पाळ्यांमागची जागा, मान आणि छाती पाहायची. जीव्हीएचडीचे चट्टे बरेचदा इथूनच सुरू होतात. सावळ्या कातडीवर ते लाल न दिसता गडद किंवा तांबूस-जांभळे दिसतात, हात फिरवल्यावर खरखर लागते, तळव्यांना आग होते. मोबाइलवर त्याच उजेडात फोटो काढा आणि तारीख लिहा. जुलाब होत असतील तर ‘खूप’ आणि ‘थोडे’ या शब्दांवर डॉक्टरांना काही ठरवता येत नाही. खुणा असलेला प्लॅस्टिकचा मग संडासात ठेवा आणि दिवसभराचे मिलिलिटर वहीत मांडा. मोठ्या माणसात दिवसाला ५०० मिलिलिटरच्या वर गेलं की त्याला वेगळं महत्त्व येतं. डोळे पिवळे, लघवी गडद, भूक मेलेली, सतत मळमळ हेही त्याच दिवशी कळवायचं. गोळ्या कमी करत आणल्या जातात ते आठवडे सर्वांत नाजूक, तेव्हा वहीत खंड पडू देऊ नका.

ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याच्या वर गेला तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहायची नाही. स्टिरॉइड चालू असताना मोठा संसर्गही ९९वर घुटमळतो, म्हणून थंडी वाजून येणं, अचानक गळून जाणं, धाप लागणं यालाही तापाइतकंच धरा.

बेंगळुरूच्या हवेचा एक फसवा गुण. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे, वारा थंड लागतो आणि ऊन सौम्य वाटतं. अतिनील किरणं मात्र सौम्य नसतात, आणि उन्हाने त्वचेचा जीव्हीएचडी भडकू शकतो. पूर्ण बाह्या, टोपी, सनस्क्रीन, मुलांनाही.

‘इम्युनिटी वाढवणाऱ्या’ गोष्टींचा मोह फार. गुळवेल, काढे, कुठली कुठली पावडर प्रेमाने पाठवली जाते. इथे शक्ती वाढवून चालत नाही, तिला वळण लागायला हवं आणि ते वळण कुठल्याही काढ्यात नाही. शिवाय मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१मध्ये गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती. प्रत्यारोपणानंतर बिलिरुबिन वाढलं तर ते जीव्हीएचडीमुळे, औषधामुळे की काढ्यामुळे हे शोधण्यात जाणारे दिवस परवडणारे नसतात. थायमस पुन्हा उभं करणारी औषधं प्रयोगशाळांत तपासली जात आहेत. इंटरल्युकिन-२२, केराटिनोसाइट ग्रोथ फॅक्टर ही त्यांतली काही नावं. उंदरांत आशा दिसली, माणसांत खात्रीने उपयोगी पडेल आणि दुकानात मिळेल असं त्यांपैकी एकही नाही. थायमस वाढवण्याचं औषध विकणारा कुणी भेटला तर त्याला दारातूनच परत पाठवा.

थायमस सावरतंय का हे कळायला मार्ग आहेत. नव्याने बाहेर पडलेल्या टी पेशींची खूण मोजणारी ‘ट्रेक’ नावाची चाचणी आहे, पण ती मुख्यतः संशोधनात वापरली जाते. रोजच्या व्यवहारात सीडी४ या गटातल्या टी पेशींची संख्या पाहतात. ती २००च्या खाली असेल तर न्यूमोसिस्टिसच्या न्यूमोनियापासून बचावासाठीची कोट्रायमोक्साझोल गोळी आणि नागिणीसाठीची ॲसायक्लोव्हिर थांबवण्याची घाई होत नाही. ॲसायक्लोव्हिर बहुधा निदान वर्षभर चालते. ‘आता बरं आहे’ म्हणून ती बंद करणाऱ्यांना नागीण गाठते, आणि ती दुखणं ठेवून जाते. पुढच्या भेटीत डॉक्टरांना सरळ विचारा: सीडी४ किती, आयजीजी (रक्तातली अँटिबॉडी) किती, सीएमव्ही या विषाणूची तपासणी पुन्हा कधी?

लसींचं गणित पुष्कळांना चक्रावून टाकतं. बालपणी घेतलेल्या लसींची आठवण जुन्या मॅरोबरोबर बरीचशी पुसली जाते, म्हणून पन्नाशीच्या माणसालाही न्यूमोकोकस, धनुर्वात-घटसर्प-डांग्या खोकला, हिपॅटायटिस बी, इंजेक्शनवाला पोलिओ या लसी नव्याने घ्याव्या लागतात. त्यांची सुरुवात साधारण तीन ते बारा महिन्यांच्या दरम्यान होते. गोवर-गालगुंड-रुबेलासारख्या जिवंत लसी दोन वर्षांआधी नाहीत, आणि तेव्हाही जीव्हीएचडी नसेल, गोळ्या थांबल्या असतील तरच. बीसीजी नाहीच.

घरातल्या बाळांचं काय, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. पल्स पोलिओचे थेंब घेतलेल्या बाळाच्या शीतून तो विषाणू काही आठवडे बाहेर पडत राहतो. घरात प्रत्यारोपण झालेला रुग्ण असेल तर बाळाला तोंडावाटे थेंबांऐवजी इंजेक्शनची पोलिओ लस देण्याबद्दल बालरोगतज्ज्ञांशी बोला. रोटाव्हायरसची लस दिलेल्या बाळाचे लंगोट काही आठवडे दुसऱ्या कुणी बदलावेत. बाकी घरातल्या सगळ्यांनी दरवर्षी फ्लूची लस टोचून घ्यायला हवी. घरात किंवा शाळेत कांजिण्या, गोवर निघाला तर त्याच दिवशी केंद्राला फोन, कारण बचावाचं औषध मोजक्या दिवसांतच उपयोगी पडतं.

गावी परतताना फाइलमध्ये एक कागद सर्वांत वर लावा, मोठ्या अक्षरांत: ‘बोन मॅरो प्रत्यारोपण झालेले आहे. रक्त किंवा प्लेटलेट द्यायच्या असतील तर किरणप्रक्रिया केलेल्याच द्याव्यात.’ साध्या रक्ताच्या पिशवीतही रक्तदात्याच्या जिवंत टी पेशी असतात. ज्याच्या स्वतःच्या टी पेशी अजून उभ्या राहिल्या नाहीत त्याच्या शरीरात त्या मुरून हल्ला करू शकतात, आणि रक्तातून आलेला हा जीव्हीएचडी बहुतेकदा जीवघेणा ठरतो. किती काळ असं रक्त लागेल ते केंद्राकडून लिहून घ्या. निपाणी किंवा खानापुरात अपघातानंतर रात्री दोन वाजता ही माहिती तोंडी सांगायला शुद्धीवर कुणी असेलच असं नाही. त्या कागदाच्या तीन प्रती काढा: एक फाइलमध्ये, एक रुग्णाच्या पाकिटात, एक घरच्या डॉक्टरांकडे. गाडीत बसण्याआधी हे काम उरकून घ्या.